अळणी काळा

घिवली,
१० नोव्हेंबर २०२५

चि. मेघालीस,
जमुनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू दर वाक्याला हं म्हणतेस आणि पलीकडे दुसरंच काहीतरी करत असतेस. तेहतीस वर्षं पालघरला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर एवढं कळतं. पत्राला हं म्हणता येत नाही. शांताराम रोज सकाळच्या एस.टी.ने तुझ्याच रंगाईच्या कारखान्यात येतो आणि संध्याकाळी माझ्या फाटकावरून घरी जातो. तेव्हा पत्र त्याच्या डब्याच्या पिशवीतून येईल, उत्तरही त्याच पिशवीतून यावं.

कामाचं आधी. भगिनी मंडळाला संक्रांतीसाठी चाळीस काळ्या सुती साड्या हव्या आहेत. बिनकाठाच्या, काठ आम्ही लावू. मागच्या वर्षी बाजारातून आणलेल्या साड्यांनी पहिल्याच धुण्यात रंग सोडला आणि मंडळातल्या दीपिकाच्या नवऱ्याचे सगळे बनियन राखाडी झाले. तो बिचारा अजून तेच घालतो.

आता दुसरं. काल शांताराम ओट्यावर बसून सांगत होता की बाई, तुमची भाची आता मिठाशिवाय रंग चढवणार. सांगताना त्याचा चेहरा असा, की गावात काही विपरीत घडलंय. त्याचंही खरं आहे. डॉक्टरांनी रक्तदाबापायी त्याचं मीठ बंद केलंय आणि त्याच्या बायकोने, रखमाने, बरणी लपवून ठेवली आहे. घरी अळणी, कामावर अळणी, मग माणसाने जगावं कशाला, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हा प्रश्न डॉक्टरांना विचार.

हा माझा एकोणनव्वद सालचा विद्यार्थी, तुला ठाऊक नसेल. बारावीच्या प्रात्यक्षिकात अनुमापन होतं. थेंब थेंब आम्ल सोडायचं, रंग बदलला की तोटी बंद. याने तोटी पूर्ण उघडली आणि खिडकीबाहेर पाहत उभा राहिला. मी नापास केला. त्याचा राग त्याने धरला नाही आणि मला पश्चात्ताप झाला नाही, म्हणून आमचं बरं आहे.

तर हे मिठाशिवायचं काय प्रकरण आहे, ते नीट लिही. माया आहे; ती दर पत्रात लिहायची मला सवय नाही, म्हणून कमी समजू नकोस.

तुझी
जमुनाआत्या

*

बोईसर,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हं. (रागावू नकोस, हा पहिला आणि शेवटचा.)

तुला रसायन शिकवायचं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवण्यासारखं आहे, पण मंडळात सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. पाण्यात सूत आणि आपला रंग, दोघांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ मध्ये पडून त्यांना जवळ आणतं. काळ्या रंगाला तर लिटरमागे जवळजवळ नव्वद ग्रॅम मीठ लागतं. काम झालं की ते सगळंच्या सगळं सांडपाण्यात जातं, आणि सोबत न चढलेला रंगही. रंग कसाबसा पकडता येतो. विरघळलेलं मीठ कोण पकडणार?

माझा बेत असा: कापडाला आधी एक औषध चढवायचं, म्हणजे सुताचा भार उलटतो आणि सूत स्वतःच रंगाला ओढतं. मिठाची गरजच राहत नाही. पुढे रंग पक्का करायला धुण्याचा सोडा लागतो, तेवढाच.

आमच्या हितेश शेठने तीन वेळा करून पाहायची परवानगी दिली आहे. तिन्ही फसल्या तर औषधाचं पिंप विक्रेत्याकडे परत आणि मी मागच्या खोलीत परत. तिथे दोन वर्षं मी कापडाचे चौकोन कापून पुठ्ठ्यावर चिकटवले आहेत, आत्या. पुन्हा तिथे गेले तर कोणी बाहेर काढणार नाही. तुझ्या साड्या मला द्यायच्या का, हे तू ठरव. पहिल्या खेपेला पाचच घेईन.

शांताराम मास्तर तीस वर्षांपासूनचे रंगारी. वाफेच्या वासावरून शेड सांगतात. मीठ नाही म्हटल्यावर त्यांनी हात धुतले आणि आवारातल्या निंबाखाली जाऊन उभे राहिले. कामगारांना म्हणाले म्हणे, मैडम आज बिना नमक की दाल पकायेगी, सब लोग घर से अचार लाना. म्हणून मिठाच्या कोठाराची किल्ली मी गळ्यात घालून फिरते. बाहेरून मंगळसूत्र वाटतं असं कॅन्टीनवाली म्हणाली.

तुझ्या आशीर्वादाची या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त गरज आहे, तो तसाच राहू दे.

तुझी
मेघाली

*

घिवली,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. मेघालीस,
अनेक आशीर्वाद.

साड्या घे. मंडळात ठराव मांडला. दोघींनी विचारलं, फसलं तर? मी म्हटलं, फसलं तर पाच जणी मागच्या वर्षीच्या साड्या नेसतील, आकाश कोसळत नाही. ठराव मंजूर झाला. माझा ठराव नामंजूर व्हायची पद्धत इथे नाही.

पण एक विचारते, आणि उत्तर सरळ दे. त्या औषधाचं स्वतःचं काय? ते उरलं तर कुठे जातं, हाताला लागलं तर काय होतं? अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे लोटून अंगण स्वच्छ झालं म्हणणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत.

मिठाला तू मध्ये पडणारा म्हटलंस ते मला आवडलं. आपल्याकडे लग्न जुळवणारा असतो तसा. दोन्ही घरांचं जमवून देतो, पंगतीला पोटभर जेवतो, आणि नंतर त्याला दारातून बाहेर कसं काढायचं हा प्रश्न उरतो.

शांतारामची बातमी. चार दिवसांपासून तो एकाएकी खुशीत आहे. रखमा सांगत होती, अळणी डाळ मुकाट्याने जेवतो, वर चांगली झाली म्हणतो. तिला वाटतं, नवरा सुधारला.  परीक्षेच्या आठवडाभर आधी एकाएकी सुधारलेली मुलं माझ्या चांगल्या लक्षात आहेत.

वाडीत चिकू बरा आहे. वाडीत कामाला येणाऱ्या तानीच्या मुलीने मासवणला घर बांधलं, तानी दोन दिवस जाऊन आली आणि आल्यावर सांगते, घर छान हाय पण स्वयंपाकघरात उजेड नाय, बाप्याने बांधलंय ना.

पहिल्या पाचांचं काय झालं ते कळव. चांगलं असो की वाईट, लपवू नकोस.

तुझी
आत्या

*

बोईसर,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते औषध गंगाजल नाही. हातमोजे घालूनच हाताळावं लागतं, आणि कापड धुतल्यावर जे पाणी निघतं ते वेगळ्या टाकीत घेऊन निवळवावं लागतं. ती टाकी मी आधी साफ करून घेतली. महिन्याला ट्रकभर मीठ खाडीच्या दिशेने पाठवण्यापेक्षा हे परवडलं, एवढंच माझं म्हणणं.

काल पहिली खेप झाली. कापड पाहून मला रडू आलं, आनंदाचं. पाचही साड्या एकसारख्या काळ्या, कुठे छटा नाही, ठिपका नाही. आणि मग मशीनचा नळ उघडला. पाणी शाईसारखं! कापडाने सगळा रंग ओढून घ्यायला हवा होता, पाणी जवळजवळ नितळ यायला हवं होतं. उलट पाण्यातले क्षार मोजायचं मीटर वेड्यासारखे आकडे दाखवायला लागलं, जणू मी समुद्रच मोजते आहे. मीटर बिघडलं म्हणून मी आज दुरुस्तीला पाठवलं.

शेठने साडी हातात घेऊन पाहिली, नळाखालच्या बादलीत पाहिलं आणि म्हणाले, कपडा तो बढिया है, लेकिन पानी तो वही का वही. फिर फायदा क्या?  एक खेप गेली. मास्तर शेजारीच उभे होते. मॅडम, कापड बघा ना, कापड कसं झालंय, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी असा धीर दिला याचं मला बरं वाटलं.

रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. औषध कमी पडलं, की पाणी जास्त झालं?

ता. क. तुझं मागचं पत्र ओलं होऊन आलं. सुकल्यावर पाकिटाच्या कोपऱ्यावर पांढरं खरखरीत काहीतरी राहिलं. मास्तरांच्या डब्यातलं लोणचं सांडलं असेल. पिशवीत पत्र वर ठेवायला सांग.

तुझ्या धाकातली पण तुझ्याच लाडाची,
मेघाली

*

घिवली,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. मेघालीस,
आशीर्वाद.

हे पत्र तिकीट लावून पाठवते आहे. शेजारचा भिका रिक्षा घेऊन बोईसरला जातो, तो तिथल्या पेटीत टाकेल. कारण वाचत गेलीस की कळेल.

मीटर बिघडलेलं नाही. यंत्रावर अविश्वास आणि माणसावर विश्वास, ही तुझी पहिली चूक. दुसरी चूक लोणच्याची. ज्या माणसाचं मीठ डॉक्टरांनी बंद केलंय त्याच्या डब्यात लोणचं कुठून आलं?

तुझं पत्रही तसंच आलं, कोपऱ्याला पांढरी कड. ती कड मी कापून गाळलेल्या पाण्यात बुडवली. निवृत्त होताना आणलेली सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली माझ्या कपाटात आहे. दोन थेंब टाकले, दही लागावं तसा पांढराफेक साका खाली बसला. इथे समुद्रकाठी कागदालाही खारं वारं लागतं म्हणून माझ्या कपाटातल्या कोऱ्या कागदाचा तुकडाही तसाच तपासला. त्यात नुसतं धुकं आलं. म्हणजे पिशवीत मीठ होतं, आणि चिमूटभर नव्हे.

साक्ष तानीची. ती जितेशच्या दुकानात साबण आणायला गेली होती. तिच्यासमोर शांतारामने अडीच किलो खडे मीठ घेतलं. जितेशने विचारलं एवढं कशाला, तर म्हणाला, मासे सुकवायला. तानी मला म्हणाली, बाय, त्याची होडी नाय, जाळा नाय, आन डॉक्टरान खारा खाऊ नको म्हनून सांगलाय. तो मासा कोनचा सुकवतंय? पोलीस खात्याने या बाईला कधी बोलावलं नाही हे त्यांचं नुकसान आहे.

तेव्हा किल्ली तुझ्या गळ्यात आणि मीठ त्याच्या डब्यात, असा तुझा बंदोबस्त. खाल्ल्या मिठाला जागण्यावरून विनोद सुचला असेल तर मला लिहून पाठवू नकोस, मलाही सुचला होता.

त्याच्यावर ओरडू नकोस. त्याच्या बापाने आणि आज्याने जन्म मिठागरात काढला. दुसऱ्या खेपेला नुसती पिशवी बाहेर ठेवायला सांग. कारण विचारलं तर नवा नियम म्हण. कारखान्यात नियमाला कारण लागत नाही.

खरं काय ते आता दिसेल.

तुझी
आत्या

*

बोईसर,
४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं तिकीट लावलेलं पत्र मला शांताराम मास्तरांनीच आणून दिलं. भिकाला ते स्टॉपवर भेटले. पत्ता पाहून भिका म्हणाला, तू तिथंच चाललायस तर पेटीत कशाला टाकू? पाकीट बंद होतं तसंच मला मिळालं.  मास्तरांनी तिकिटावर एकदा बोट फिरवलं आणि गेले.

दुसरी खेप मंगळवारी झाली. पिशवी मी सांगायच्या आधीच त्यांनी रखवालदाराकडे ठेवली होती. मीठ नाही, काही नाही. पाणी इतकं स्वच्छ आलं की मी दोनदा नळ उघडून पाहिला. आणि कापड! आत्या, पाचही साड्या म्हणजे चिखलातून उठलेली म्हैस. इथे गडद काळा, तिथे राखाडी, मध्ये पांढरट. एका साडीवर तर हिंदुस्थानचा नकाशा आहे, खाली लंकेसकट.

शेठ हसले. ते रागावले असते तर परवडलं असतं. म्हणाले, पहले कपडा अच्छा पानी खराब, अब पानी अच्छा कपडा खराब. मॅडम, दोनों एक साथ कब आयेंगे? एकच खेप राहिली आहे. मागची खोली त्यांनी झाडून घ्यायला सांगितली, हे मला कॅन्टीनवालीने सांगितलं.

मला वाटलं होतं मास्तर हसतील. ते हसले नाहीत. त्या नकाशावाल्या साडीवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे होते. मग मला चहा आणून दिला आणि परत निंबाखाली गेले.

तुझ्या साड्या मिठातच रंगवून देते आता. संक्रांत तरी चुकायला नको. शेठना सोमवारी तसं सांगेन. तुला तोंड दाखवायला रविवारी येणार नाही, तेवढी सूट दे आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी
मेघाली

*

घिवली,
६ डिसेंबर २०२५

ती. बाईंस,
शांतारामचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्याला पत्र लिहायची माजी ही पहिली वेळ, चुका लाल शाईने काढू नये. घर दोन गल्ल्यांवर हाय, पण समोर उभं राहून सांगायची हिंमत नाय, म्हणून रखमाच्या हाती पाठवतो.

मीठ मी टाकलं. अडीच किलो, डब्याच्या पिशवीतून. तिकीट लावलेलं पाकीट भिकाने हातात दिलं तेव्हाच समजलो की बाईंना कळलंय. महिनाभर तुमची पत्रं मी उघडी नेली, एक अक्षर वाचलं नाय. त्या तिकिटाचं मला लागलं. पण दोष माजाच हाय.

का टाकलं ते सांगतो. मीठ कुठल्या वेळी, किती, किती हप्त्यात टाकायचं, हे कागदावर नसतं, हाताला कळतं. तीस वर्षांत हात तयार झाला. मीठच नको म्हटल्यावर मला वाटलं, आता हातही नको. उद्या कोणीही येऊन बटण दाबेल. म्हणून मॅडमचा रंग चांगला उतरावा पण मिठाने उतरावा, अशी वाईट बुद्धी झाली.

पण मंगळवारचं कापड मी नीट बघितलं. बाई, त्या औषधाने सुताला भस्म्या रोग झालाय. रंग दिसला रे दिसला की जिथं लागला तिथंच गिळतो. पुढच्या सुताला उरत नाय, म्हणून डाग. उपाशी माणसांच्या पंगतीत एकदम पातेलं ठेवलं तर पहिले चार जण संपवतात, तसं. माजं मीठ पडलं तेव्हा त्याची भूक मेली, म्हणून कापड सारखं आलं. पण मग रंग पाण्यातपण राहिला.

तर मीठ नको. वाढपी पाहिजे. रंग एकदम ओतायचा नाय. गार पाण्यात सुरू करून थोडा थोडा वाढायचा, आधीचा गिळून झाला की पुढचा. आमच्या मशीनला तशी सोय नाय, पण माज्या हाताला हाय.

हे मॅडमना तुमच्या नावाने सांगा. माज्या तोंडून त्या का ऐकतील? मी तर चोर.

चुकलं माकलं पोटात घाला आणि फाटकावरून जाताना हाक मारायची ती मारत जा.

आपला नापास विद्यार्थी,
शांताराम

*

घिवली,
७ डिसेंबर २०२५

चि. मेघाली आणि चि. शांताराम, दोघांस,
आशीर्वाद. या वेळी समान वाटून.

हे एकच पत्र दोघांना आहे. शांतारामने ते मेघालीला नेऊन द्यावं आणि तिच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचावं. आळीपाळीने वाचलंत तरी चालेल. सोबत शांतारामचं माझ्याकडे आलेलं पत्र आहे, तेही वाचावं. दुसऱ्याचं उत्तर स्वतःच्या नावावर खपवायला मी परीक्षेत कुणाला दिलं नाही, तेव्हा स्वतः तर करणार नाही.

शांताराम, तुझं निदान बरोबर आहे. साध्या सुताला मीठ रंगाजवळ आणतं. औषध चढवलेल्या सुताचं उलट. तिथे रंग आणि सूत स्वतःहून एकमेकांकडे धावतात, आणि मीठ त्यांच्या मधे उभं राहून वाट अडवतं. घाई कमी होते, कापड सारखं होतं, पण शेवटी थोडा रंग पाण्यातच अडकतो. मेघाली, हे तुझ्या पुस्तकात असणारच. तू मीटर दुरुस्तीला पाठवण्याऐवजी पुस्तक उघडलं असतंस तर आठवडा वाचला असता.

तुम्ही दोघांनी मिळून एकच प्रयोग अर्धा अर्धा केला आहे. एकीकडे नितळ पाणी, एकीकडे सारखं कापड. दोघांनी एकमेकांना न विचारता. माझ्या वर्गात यासाठी दोघांना बाहेर उभं केलं असतं.

मेघाली, सोमवारी शेठना काहीएक सांगायचं नाही. मिठात रंगवलेल्या साड्या मंडळ घेणार नाही, तसा ठराव मी आज संध्याकाळी करून घेते. पहिल्या पाच झाल्या त्या झाल्या; उरलेल्या पस्तीस साड्या एकाच वेळी मशीनमध्ये घाल. पाच पाच करून भित्रेपणाने शिकता येत नाही. गळ्यातली किल्ली काढ आणि शांतारामच्या हातात दे. ज्याला कोठार उघडता येतं आणि जो उघडत नाही, त्याच्यावरच विश्वास ठेवल्यासारखं होतं.

शांताराम, चोरी ही चोरीच. तिचं काय करायचं ते मी नंतर पाहीन. तुझा हात आता लागणार नाही असं तुला वाटलं, आणि आता हाताशिवाय होत नाही असं तूच लिहितोस. या दोन वाक्यांवर बसून विचार कर. आणि या वेळी खिडकीबाहेर पाहू नकोस.

दोघांचं काय होतं याकडे माझं लक्ष आहे, त्यालाच लोभ म्हणतात.

तुमची
जमुनाआत्या / बाई

*

बोईसर,
१७ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मास्तरांनी मोठ्याने वाचलं. चोरी ही चोरीच इथे त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, म्हणून पुढचं मी वाचलं. मग मी त्यांना किल्ली दिली. त्यांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि परत माझ्या हातात देऊन म्हणाले, मॅडम, तुमच्याजवळच असू द्या, गळ्यात बरी दिसते. मी म्हटलं बाईंचा हुकूम आहे. तेव्हा कुठे खिशात टाकली.

काल तिसरी खेप. पस्तीस साड्या, गार पाणी, कापड मशीनमध्ये गोल गोल फिरतंय. मास्तरांनी सगळा रंग बादलीत पातळ केला आणि ॲल्युमिनियमचा मग घेतला. एक मग धारेने, कापडाच्या फिरण्याबरोबर. माझ्याकडे काचेचा ग्लास. दर थोड्या वेळाने मशीनमधलं पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरायचं. आधी काळं, मग करडं, मग जवळजवळ नितळ. निवळलं की मी मान हलवायची आणि ते पुढचा मग घ्यायचे. असे चौदा मग. डबा तसाच राहिला, जेवणाची सुट्टी होऊन गेली, कामगार येऊन बघून गेले. मास्तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव. जवळ गेले तर ऐकू आलं: सावकाश, शांताराम, सावकाश. हुबेहूब तुझा आवाज, आत्या, चष्म्यावरून बघण्यासकट.

मग हळूहळू गरम केलं, सोडा घातला. खोटं लिहीत नाही, धुताना निळसर छटा उतरली, पण पूर्वीच्या शाईपुढे ती काहीच नाही. दुरुस्तीहून आलेलं मीटरही लावलं. सोबत दुकानदाराची चिठ्ठी होती, यंत्रात काहीही दोष नाही. शेवटच्या मगानंतरच्या पाण्याचा ग्लास शेठने आपल्या गुजराती पेपरसमोर धरला आणि त्यातून राशिभविष्य वाचलं. त्यांच्या राशीला नव्या कामात यश होतं. मग त्यांनी कापडाची एक एक घडी उलगडून पाहिली. पस्तीसच्या पस्तीस.  शेवटी म्हणाले, दोनों एक साथ आ गये.

पिंप राहिलं. मागच्या खोलीत आता औषधाची टाकी बसते आहे. रंग थोडा थोडा सोडणारा पंप घ्यायचं शेठ म्हणतात, पण तो कधी किती सोडायचा हे दर कापडाला मास्तर ठरवणार, असं मी कागदावर लिहून सही घेतली. आज सुरतेहून गिऱ्हाईक आलं होतं. शेठ त्यांना सांगत होते, ये आयडिया मुझे दो साल से था. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे. दोघंही निंबाखाली जाऊन मनसोक्त हसलो.

साड्या शनिवारी भिकाच्या रिक्षातून येतील. त्या पाच डागाळलेल्याही पाठवते, फेकून देववेनात.

रविवारी जेवायला येते. तोंड आता दाखवण्यासारखं आहे.

तुझी
मेघाली

*

घिवली,
१६ जानेवारी २०२६

चि. मेघालीस,
तिळगुळासह आशीर्वाद.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. चाळीस जणी काळ्याभोर साड्यांत. पहिल्या पाच किंचित फिक्या आहेत, मिठाच्या म्हणून मला ओळखू येतात. त्या मी कार्यकारिणीला दिल्या. एकेचाळिसावी मी. मी ती हिंदुस्थानच्या नकाशाची नेसले आणि माझी चांगली साडी तानीला दिली, कारण सगळा शोध तिचा. अध्यक्षांच्या साडीला काय झालं असं ज्या ज्या बाईने विचारलं तिला मी उभं करून विद्युतभार समजावून सांगितला. चौथ्या बाईनंतर कोणी विचारलं नाही.

धुण्याची परीक्षाही घेतली. दीपिकाच्या नवऱ्याचा नवा पांढरा बनियन आणि साडी एकाच बादलीत भिजवली. बनियन पांढराच राहिला. तो मात्र जुने राखाडीच घालतो, आता त्याला तेच आवडतात म्हणे.

शांतारामचा रक्तदाब उतरला आहे. रखमाने विचारलं, घरी मीठ नाही म्हणून, की कामावर नाही म्हणून? डॉक्टरांना ठरवता आलं नाही. त्याने माझ्या ओट्यावर सहा तिळाचे लाडू खाल्ले आणि मग त्याच्या ध्यानात आलं की यात मीठ नसतंच. पन्नाशी उलटलेला माणूस, हा शोध लागल्यावर लहान मुलासारखा माझ्याकडे बघत राहिला.

चोरीचं काय करायचं ते नंतर पाहीन असं मी लिहिलं होतं. ते पाहिलं. एकोणनव्वद सालच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांचा माझा खर्डा मी फेकलेला नाही. त्यात त्याच्या नावापुढचा आकडा काल खोडला आणि नवा लिहिला.

हे पत्र तिकिटाशिवाय त्याच्याच पिशवीतून येतं आहे, आणि पाकीट मी चिकटवलेलं नाही. आजवर त्याने एक अक्षर वाचलं नाही, पण या वेळी एस.टी.त बसल्यावर त्याने वाचावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून आकडा इथेच देते, तोही तुझ्याआधी पाहू दे:

शांताराम. अनुमापन. तीसपैकी एकोणतीस. एक गुण मिठाचा कापला.

तुझी आणि त्याची,
जमुनाआत्या